लादीवर फाकलेले पाय

मुलुंडला माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये जुलैत थर्माकोलच्या खोक्यात सात गावठी अंडी उबवायला ठेवली होती. बल्ब, थर्मोस्टॅट, कॉम्प्युटरचा जुना पंखा. सगळा कारभार भाचीचा. २१व्या दिवशी चार पिल्लं बाहेर आली, २२व्या दिवशी पाचवं. चौघं रात्रीतून उभी राहिली. पाचवं मात्र दोन पाय दोन दिशांना टाकून पोटावर पसरलेलं. उठायचा प्रयत्न केला की पाय आणखी फाकायचे.

"मामा, हे जन्मतःच लंगडं आहे का?" भाचीचा फोन.

"खाली काय अंथरलंयस?"

"लादीवर पेपर."

निम्मं निदान तिथेच झालं. नुकतं फुटलेलं पिल्लू म्हणजे अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश, गावठीचं तर जेमतेम ३० ग्रॅम. त्याला उभं राहायचं तर पाय आत ओढून धरणारे मांडीचे स्नायू लागतात आणि ते पहिल्या दिवशी कच्चे असतात. खाली खडबडीत काही असलं, तर घर्षण त्यांचं अर्धं काम करतं. मुंबईतल्या घरातली गुळगुळीत लादी, किंवा तिच्यावरचा तितकाच गुळगुळीत पेपर, ही मदत करत नाही. पाय बाहेर सरकतो, पिल्लू पुन्हा जोर लावतं, पाय पुन्हा सरकतो. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली माती, पेंढा असतो, म्हणून गोराईच्या खुराड्यात हा प्रकार क्वचित दिसतो आणि फ्लॅटमध्ये वारंवार.

घाई करायची ती इथे, कारण हाडं अजून मऊ असतात. पिल्लाचा सांधा तयार भाग बसवल्यासारखा बनत नाही, तो हालचालीतून घडतो. कोंबडीचा गर्भ साडेतीन-चार दिवसांचा असतानाच अंड्यात हलू लागतो. १९६६ साली ड्राकमन आणि सोकोलॉफ या संशोधकांनी औषध देऊन कोंबडीचे गर्भ निश्चल ठेवले, तेव्हा त्यांच्या सांध्यांमधली पोकळी नीट तयारच झाली नाही. जो सांधा हलण्यातून घडतो, तो चुकीच्या जागी राहिला तर चुकीचाच घडत जातो. पण म्हणूनच पहिल्या एक-दोन दिवसांत पाय जागेवर आणून ठेवले, तर तोच मऊपणा आपल्या बाजूने काम करतो. आठवडा उलटला की ही सवलत संपत जाते.

उपाय पाच रुपयांचा आहे. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर रुंद तुकडा कापायचा. गादीचा भाग मधोमध ठेवून टोकं एकेका पायाच्या नळीभोवती सैल गुंडाळायची, आणि दोन पायांत नैसर्गिक उभं राहण्याइतकंच, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवायचं. कुठे गुंडाळायचं याचा इथे हमखास गोंधळ होतो. कोंबडीचा "मागे वाकणारा गुडघा" हा गुडघा नव्हेच, ती तिची टाच. खरा गुडघा वर, लवीत लपलेला असतो. पट्टी टाचेच्या खाली, बोटांच्या वर. पट्टी घट्ट झाली तर बोटं सुजतात, म्हणून दिवसातून दोनदा बघायचं. पेपर काढून जुना पंचा अंथरायचा. पाण्याच्या झाकणात गोट्या टाकायच्या, कारण बांधलेलं पिल्लू आधी तोंडावरच आपटतं आणि झाकणभर पाण्यातही बुडतं. ऊब पिल्लाच्या पातळीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास हवी. बाकीची भावंडं लंगड्याला टोचतात, तेव्हा मध्ये जाळी लावावी, पण ती त्याला दिसत राहू द्यावीत. पहिले दोन-तीन दिवस पोटात ओढलेला बलक पुरतो, त्यामुळे ते खात नाही म्हणून जबरदस्ती नको. हाताळल्यावर मात्र साबणाने हात धुवावेत, साल्मोनेला पिल्लांच्या विष्ठेतून सहज येतो.

पाचवंच का रखडलं? भाचीने पहिल्या दिवसापासून खोक्यात पाण्याची वाटी ठेवली होती, कारण तसं कुठेतरी वाचलेलं. मी आकडे मांडून पाहिले. पावसाळ्यातली मुंबईची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची धरा. तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवर येते, म्हणजे पहिल्या १८ दिवसांना लागते साधारण तेवढीच. वाटी हवी ती शेवटचे तीन दिवस, ६५-७० टक्क्यांसाठी. (जानेवारीतली २५ अंशांची, ५० टक्क्यांची हवा मात्र खोक्यात २५ टक्क्यांवर उतरते, तेव्हा पाणी सुरुवातीपासूनच.) उबवणीत अंड्यातलं पाणी उडून वजन १२ टक्क्यांच्या आसपास घटायला हवं. ते उडालं नाही तर पिल्लू फुगलेलं, दमलेलं बाहेर येतं. पाचव्याचं हेच झालं असावं, असा माझा अंदाज.

पायाचं प्रत्येक दुखणं मात्र पट्टीचं नसतं. बोटं मुठीसारखी आत वळलेली आणि पिल्लू टाचांवर चालतंय, तर संशय बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनच्या कमतरतेचा. ते कमी पडलं की पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू सुजतो. गॅलरीत कोंडलेल्या, नुसत्या तांदळाच्या कणीवर पोसलेल्या कोंबडीच्या अंड्यांत हे व्हायला वाव असतो, कारण पॉलिश केलेल्या तांदळात बी-२ फारसं उरत नाही. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, पाला खाऊन भरपाई करते. अशा पिल्लाला बोटं सरळ धरणारा पुठ्ठ्याचा बूट आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत पाण्यातून जीवनसत्त्व, दोन्ही लागतं.

तिसरं दुखणं मला सगळ्यांत भयंकर वाटतं. टाचेच्या मागच्या खोबणीतून शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, निसटते, सायकलची चेन उतरावी तशी. टाच सुजते, पाय एका बाजूला वळतो. याच्यामागे बऱ्याचदा मँगनीजची कमतरता असते. १९३६च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात हा धागा सापडला. थोरल्या कोंबड्यांचं अंड्यांसाठीचं, कॅल्शियमने भरलेलं खाद्य पिल्लांना घालणं हेही वाईट. ही शीर घरी दाबून बसवायचे उद्योग करू नयेत. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून आहे, जनावरांचं जुनं रुग्णालयही त्याच आवारात. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. दोन दिवस वाट पाहिली तर बहुतेकदा उपयोग होत नाही, आणि मग पिल्लाला यातनांतून सोडवायचं का, हा प्रश्न उरतो. तो प्रश्नही डॉक्टरांसमोरच ठेवावा.

पाचव्या पिल्लाची पट्टी चौथ्या दिवशी निघाली. भाचीने व्हिडिओ पाठवला. पाय मोकळे होते, पण पहिली दहा मिनिटं ते अजून बांधल्यासारखंच, दोन्ही पाय जोडून, टुणटुण उड्या मारत पंचावरून फिरत होतं.