आवाज, अवधान आणि शेजारधर्म

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीहून लांज्याला जाणाऱ्या दुपारच्या बसमध्ये मी खिडकीपाशी बसलो होतो. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ हातखंबा सोडल्यापासून फोनवर बोलत होते. पाऊस जोराचा असल्यामुळे काचा ओढून घेतलेल्या होत्या, इंजिनाची घरघर आतच कोंडली होती आणि तिच्यावर मात करण्यासाठी त्यांचा आवाज चढत चालला होता. “नाही हो, तो सातबारा नव्हे,” असे म्हणून ते थांबत, “मग सही केली कोणी?” असे विचारून पुन्हा थांबत. माझ्या मांडीवर पुस्तक होते आणि त्यातला एकच परिच्छेद मी तीनदा वाचला. पाली यायच्या थोडे आधी मागून एका आजींचा घाबरा आवाज आला, “रे बाबा, माझा फाटा गेला काय रे?” फाटा खरोखरच मागे पडला होता. कंडक्टरने घंटी मारून बस थांबवली आणि आजी भर पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी घेऊन उलट्या दिशेने चालू लागल्या. उतरताना त्या सांगत होत्या, की त्यांनी आधी दोनदा हाक मारली होती. मी त्यांच्यापासून दोनच बाकांवर होतो. ती हाक माझ्या कानांवर आदळली असणार, तरी माझ्यापर्यंत ती पोचली नाही, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

असे काही घडले की आपल्याकडे चर्चा लगेच संस्कारांवर येते. फोनवाल्या गृहस्थांना रीत नाही, बाकीच्या प्रवाशांना माणुसकी नाही, असा निवाडा होतो. परंतु ध्वनी आणि अवधान यांविषयी गेल्या शंभरेक वर्षांत जे प्रयोग झाले आहेत ते पाहिले, तर सार्वजनिक ठिकाणच्या गोंगाटाकडे निव्वळ कानांना होणारा त्रास म्हणून पाहणे अपुरे आहे असे माझे मत झाले आहे. शेजारच्या माणसाची अडचण लक्षात येण्यासाठी मनात जी थोडी मोकळी जागा लागते, ती जागाच गोंगाट व्यापून टाकतो, आणि मग एरवी भली असणारी माणसेही एकमेकांशी बेपर्वाईने वागल्यासारखी दिसतात.

प्रथम त्या अर्धवट संभाषणाचे पाहू. ब्रिटनमधील यॉर्क येथे अँड्र्यू मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच संभाषण दोन प्रकारे प्रवाशांच्या शेजारी घडवून आणले होते. एकदा दोन माणसे समोरासमोर बसून बोलत, आणि एकदा त्यांतला एकच माणूस तितक्याच आवाजात मोबाइलवर बोले. आवाजाची पातळी सारखी असूनही मोबाइलवरचे बोलणे प्रवाशांना अधिक खटकले. त्यामागचे कारण 2010 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून स्पष्ट झाले. संगणकाच्या पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्याचा माउसने पाठलाग करायचा, असे एकाग्रतेचे काम त्यांनी काही जणांना दिले आणि ते चालू असताना त्यांच्या कानांवर कधी दोघांचे पूर्ण संभाषण, कधी एकट्याचे सलग बोलणे, तर कधी फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू घातली. पूर्ण संभाषणाने किंवा सलग बोलण्याने काम फारसे बिघडले नाही. अर्ध्या संभाषणाने मात्र चुका वाढल्या. तेच अर्धे संभाषण शब्द कळणार नाहीत अशा रीतीने गाळून ऐकवल्यावर हा परिणाम नाहीसा झाला.

याचा अर्थ असा, की आपला मेंदू ऐकलेल्या वाक्यावरून पुढच्या वाक्याचा अंदाज सतत बांधत असतो. दोन्ही बाजू ऐकू येत असतील तर अंदाज बऱ्यापैकी जुळत जातो आणि ते बोलणे पार्श्वभूमीत सोडून देता येते. एकच बाजू ऐकू येत असेल तर शांतता केव्हा संपेल आणि पुढे काय येईल हे कळत नाही, म्हणून मेंदू पुन्हा पुन्हा तिकडे वळतो. ‘सही केली कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर बसमधल्या आम्हा कोणालाच ऐकू आले नव्हते आणि म्हणून आम्ही सगळे त्या सातबाऱ्यात अडकलो होतो. ‘तुम्हाला काय करायचे आहे, लक्ष देऊ नका,’ असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की लक्ष न देणे हे अशा वेळी ऐकणाऱ्याच्या हातात फारसे नसते. डोळे मिटता येतात. कानांना तशी सोय नाही.

रत्नागिरीतल्या मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांना याची उलट बाजू रोज अनुभवाला येते. पावसाळ्यातल्या लाटांचा आवाज डेसिबल या आवाजाच्या एककात मोजला तर तो शेजारच्या बाकावरच्या बोलण्यापेक्षा कमी भरत नाही, तरीही त्याच्या सोबतीने माणूस तासभर शांत बसतो, वाचतो, पेंगतो. लाटेच्या आवाजात खालच्यापासून वरच्यापर्यंतच्या सर्व पट्ट्यांतले ध्वनी मिसळलेले असतात, त्याचा चढउतार संथ असतो आणि त्यात उलगडायचा अर्थ नसतो. त्याच बाकावर कोणी मोबाइलचा स्पीकर लावून पंधरा-पंधरा सेकंदांच्या चित्रफिती पाहू लागला, की समुद्र असूनही शांतता मोडते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला खर्जातले ध्वनी नीट काढता येत नाहीत. त्याचा जोर वरच्या पट्टीत, साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या टापूत राहतो, आणि आपल्या कानाच्या नळीची लांबी व आकार असा आहे की नेमक्या याच टापूत आपले कान सर्वांत तीक्ष्ण असतात. रडणाऱ्या बाळाचा आवाज गर्दीतून वेगळा ऐकू येतो तोही बराचसा याच गुणामुळे.

आता मोठ्याने बोलणाऱ्याच्या बाजूने विचार करायला हवा, कारण त्याच्यावर हा सगळा ठपका ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. 1911 साली एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने असे दाखवून दिले, की बोलणाऱ्याच्या कानात गोंगाट सोडला तर त्याचा आवाज आपोआप चढतो, गोंगाट थांबवला की आपोआप उतरतो, आणि या चढउताराची त्याला स्वतःला जाणीव नसते. याला लोम्बार परिणाम म्हणतात. लग्नाच्या पंगतीत किंवा भरलेल्या खानावळीत जो कोलाहल होतो तो यातूनच वाढतो: एका टेबलाचा आवाज चढला की शेजारच्या टेबलाला चढवावा लागतो, मग पुन्हा पहिल्याला, आणि शेवटी सर्वजण ओरडत असूनही कोणालाच आधीपेक्षा जास्त ऐकू येत नसते. मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे मासळीचा लिलाव ऐकावा. ट्रॉलरची इंजिने, बर्फ फोडण्याचा आवाज आणि वारा यांच्यावर ज्यांना आयुष्यभर बोलावे लागते, त्यांचे घरातले बोलणेही वरच्या पट्टीतले असले तर त्याला उद्धटपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

कोकणातल्या वाडीचेही तसेच. आमच्याकडची घरे उतारावर विखुरलेली. मध्ये गडगा, पाखाडी, पोफळीची बाग. पलीकडच्या घरी निरोप द्यायचा तर खळ्यात उभे राहून हाळी द्यायची, ही रीतच होती आणि तिच्यामागे चोख भौतिकशास्त्र होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. हाळी देणाऱ्यापासून एक मीटरवर ती 84 डेसिबल भरली असे धरले, तर 64 मीटरवरच्या शेजाऱ्यापर्यंत, म्हणजे अंतर सहा वेळा दुप्पट झाल्यावर, ती 48 डेसिबल उरते. साधे समोरासमोरचे बोलणे एक मीटरवर 60 डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे खळ्यातली ती खणखणीत हाळी शेजारच्या पडवीत मृदू बोलण्याच्याही खालच्या पातळीवर पोचत असे. वाडीच्या शांततेत तेवढी पुरे होई आणि कोणाची झोपही मोडत नसे. तिथे मोठा आवाज हा शेजारधर्माचाच भाग होता.

त्याच वाडीतले कुटुंब मुलांच्या शाळेसाठी शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत येते तेव्हा अंतर 64 मीटरवरून चारपाच इंचांच्या भिंतीवर येते. जिन्याच्या गुळगुळीत लाद्या आणि गिलावा केलेल्या भिंती आवाज शोषून न घेता परतवतात, त्यामुळे जिन्यात उभे राहून मारलेली हाक वर-खाली सर्व दारांवर जवळजवळ सारख्याच जोराने आपटते. गळा तोच, सवय तीच, हेतूही तोच असतो. बदललेले असते ते फक्त अंतर, आणि ते बदलल्याची सूचना आपल्याला कोणी दिलेली नसते. या घरांतून ‘गावठी’ आणि ‘शिकलेले’ अशी जी तेढ उभी राहते ती पाहून मला वाईट वाटते, कारण तिचे मूळ पुष्कळदा भिंतीच्या जाडीत असते.

आजींच्या हाकेकडे परत येतो. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील केनेथ मॅथ्यूज आणि लान्स कॅनन यांनी रस्त्यावर असा प्रसंग उभा केला होता: एक माणूस गाडीतून पुस्तकांचा गठ्ठा काढताना काही पुस्तके खाली पाडतो. कधी त्याच्या हाताला प्लॅस्टर असे, कधी नसे. आणि काही वेळा जवळच गवत कापण्याचे मोठ्या आवाजाचे यंत्र चालू ठेवलेले असे. शांतता असताना प्लॅस्टर घातलेल्या माणसाला येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांनी मदत केली. यंत्र चालू असताना हे प्रमाण 15 टक्क्यांवर आले. आकड्यांच्या मागे दडलेली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शांततेत लोक प्लॅस्टर असलेल्याला आणि नसलेल्याला वेगवेगळे वागवत होते, म्हणजे कोणाला मदतीची जास्त गरज आहे हे ते पारखत होते. गोंगाटात तो फरकच जवळजवळ पुसला गेला. गोंगाटातून लवकर बाहेर पडण्याची घाई हे त्याचे एक कारण असू शकते. दुसरे म्हणजे आवाजाच्या ताणाखाली अवधानाचा झोत अरुंद होतो आणि कडेच्या खाणाखुणा त्यातून गळून पडतात. त्या बसमधल्या दोनतीन डझन माणसांत निर्दय असे कोणी नव्हते. फाटा मागे पडल्याचे कळताच दोघेजण उठून आजींची पिशवी धरायला पुढे झाले होते.

कायद्याने या विषयाची दखल घेतलेली आहे. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो आणि तिथे मर्यादा आणखी पाच डेसिबलने खाली येते. पाच डेसिबल म्हणजे किरकोळ फरक नव्हे, कारण डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची आहे: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. तरीही बसमधला फोन किंवा जिन्यातली हाक यांसाठी कोणी आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन येणार नाही, आणि येऊही नये. तिथे कामाला येणारी गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावरही प्रयोग झालेला आहे.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या आसपास काही लोकांना खोलीत बसवून केव्हाही येणारे, कानठळ्या बसवणारे आवाज ऐकवले. त्यांतल्या काहींच्या हाताशी एक बटण दिले आणि सांगितले, की अगदीच असह्य झाले तर ते दाबून आवाज थांबवता येईल, मात्र शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी बटण दाबले नाही. म्हणजे सर्वांनी ऐकलेला आवाज सारखाच होता. आवाज थांबल्यानंतर सर्वांना न सुटणारी कोडी आणि मुद्रितशोधनाचे काम दिले, तेव्हा बटण असलेल्या लोकांनी कितीतरी अधिक चिकाटी दाखवली आणि चुकाही कमी केल्या. आवाज कधी येणार हे ठाऊक असलेल्या लोकांवरही असाच अनुकूल परिणाम दिसला. माणसाला थकवणारी गोष्ट आवाजाच्या जोराइतकीच त्याच्या अनिश्चिततेत आणि आपल्या हतबलतेत असते, असे यातून दिसते.

आमच्या इमारतीत मे महिन्यात वरच्या मजल्यावर लाद्या बदलण्याचे काम निघाले होते. आदल्या संध्याकाळी तिथल्या वहिनी खालच्या तिन्ही घरांत स्वतः आल्या आणि म्हणाल्या, “काका, उद्यापासून तीन दिवस दहा ते बारा मशीन चालेल. तुमच्या झोपेच्या वेळी लावणार नाही. फारच झाले तर फोन करा, मी लगेच बंद करायला सांगते.” दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला छत हादरू लागले. टेबलावरची पाण्याची भांडी किणकिणत होती आणि समोर ठेवलेल्या फोनमध्ये वहिनींचा नंबर होता. मी त्या दोन तासांत बाजारात जाऊन आलो, उरलेल्या वेळात वर्तमानपत्र पुरते वाचून काढले आणि फोनला हात लावण्याची वेळ आली नाही. बाराला दोन मिनिटे कमी असताना मशीन थांबली.