बुतो

बुतो : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानात उदयाला आलेला प्रयोगशील नृत्यप्रकार. अंगभर फासलेला पांढरा रंग, वाकलेले गुडघे, वेडावाकडा होणारा चेहरा आणि नर्तक हलतो आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी संथ गती, ही त्याची सहज नजरेत भरणारी लक्षणे. यांतले एकही अनिवार्य नाही. जपानी लिपीत ‘बुतो’ दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ नाचणे, दुसऱ्याचा तुडवणे. गंमत म्हणजे पूर्वी हाच शब्द जपानात पाश्चात्त्य बॉलरूम नाचांसाठी वापरत.

बुतोचा आरंभ १९५९ मध्ये टोकियोत झालेल्या ‘किनजिकी’ या छोट्या प्रयोगापासून धरतात. शीर्षक युकिओ मिशिमा यांच्या कादंबरीवरून घेतलेले होते. समलैंगिक आकर्षणाचा विषय, काळोख आणि एका पोराच्या मांड्यांत धरलेली जिवंत कोंबडी हे पाहून नृत्यक्षेत्रातली मंडळी खवळली. प्रयोग बसवणारे तात्सुमी हिजिकाता (१९२८–८६) ईशान्य जपानच्या अकिता प्रांतातले. बॅले शरीराला जमिनीपासून वर उचलतो. हिजिकातांना हवे होते भातखाचरात राबून वाकलेले, थंडीने आखडलेले शरीर. या नाचाला त्यांनी ‘आंकोकु बुतो’, म्हणजे गडद अंधाराचा बुतो, म्हटले.

‘किनजिकी’तला तो पोरगा म्हणजे योशितो ओनो, आणि बुतोचे दुसरे जनक काझुओ ओनो हे त्याचे वडील. काझुओंचा जन्म १९०६ मध्ये होक्काइदो बेटावरील हाकोदाते येथे झाला. विद्यार्थिदशेत टोकियोच्या इंपीरियल थिएटरात त्यांनी ‘ला आर्हेन्तिना’ या नावाने गाजलेल्या अंतोनिया मेर्से यांचे स्पॅनिश नृत्य पाहिले. मग योकोहामाच्या ख्रिस्ती शाळेत व्यायामशिक्षकाची नोकरी धरली, ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आधुनिक नृत्याचे धडे घेतले. १९३८ मध्ये सैन्यात भरती व्हावे लागले; चीन, न्यू गिनी आणि युद्धकैद धरून नऊ वर्षे गेली. परतीच्या जहाजावर दगावलेल्यांना समुद्रात सोडत. त्या आठवणीतून पुढे त्यांचा जेलीफिशचा नाच झाला. पहिला एकल कार्यक्रम १९४९ मध्ये झाला, तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बरीच वर्षे ते रंगमंचापासून दूरच राहिले. १९७६ मध्ये एका प्रदर्शनातील अमूर्त चित्रासमोर उभे असताना त्यांना त्यात ला आर्हेन्तिना दिसली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांनी ‘ला आर्हेन्तिनास अभिवादन’ हे नृत्य केले, दिग्दर्शन हिजिकातांचे. सुरुवातीला ओनो प्रेक्षकांतच बसलेले असत. बायकी पोशाख, टोपी आणि पांढरा रंग लावलेला सुरकुतलेला चेहरा अशा रूपात ते उठून सावकाश मंचाकडे चालू लागत. बाखचे संगीत वाजे, टँगोही वाजे. म्हातारपण झाकायचा प्रयत्न कुठेच नसे. ताणून धरलेल्या बोटांचा कंप हाही नाचाचाच भाग. १९८० मध्ये फ्रान्समधील नान्सी महोत्सवात ते नाचले आणि त्यांचा बुतो जपानबाहेर पोहोचला. ‘माझी आई’ (१९८१) आणि ‘मृत समुद्र’ (१९८५) या त्यानंतरच्या रचना.

दोघांची रीत मात्र निराळी. हिजिकाता आधी आकार घडवत. शब्दप्रतिमांच्या टिपणांवरून एकेक हालचाल नेमकी बसवून घेत. ओनोंच्या मते आत काही जागे झाले की आकार आपोआप मागून येतो. योकोहामातील कामिहोशिकावाच्या टेकडीवर त्यांची तालीमशाळा होती. तिथे ते विद्यार्थ्यांशी आधी आईविषयी, गर्भाविषयी, मृतांविषयी बोलत आणि मग नाचायला सांगत. शिष्यांना याचे तंत्र म्हणून काय नोंदवून ठेवता येई, हा प्रश्नच आहे. ‘दाइराकुदाकान’ (१९७२) आणि ‘सांकाइ जुकु’ (१९७५) या पुढच्या संचांची देखणी, काटेकोर समूहरचना ओनोंपेक्षा हिजिकातांच्या जवळची वाटते.

नव्वदी उलटल्यावर ओनोंचे पाय गेले. ते खुर्चीत बसून हातांनी नाचू लागले. योशितो त्यांना सावरत. १ जून २०१० रोजी, १०३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर योशितो कधी कधी वडिलांच्या रूपातली छोटी बाहुली बोटांवर चढवून मंचावर येत आणि तिला नाचवत.