उबदार गॅरेजमध्ये सडलेली चासी

मिशिगनमधल्या माझ्या शेजाऱ्याने त्याच्या सोळा वर्षं जुन्या पिकअपची चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बदलायला काढली. दर हिवाळ्यात गाडी उबदार गॅरेजमध्ये असायची, तरी ती बर्फात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या आधी कशी सडली, हे त्याला कळेना. मेकॅनिकने मागच्या चाकाजवळ हातोडी मारली. आधी टणटण, मग एकदम भद्द आवाज, आणि तळहाताएवढा पापुद्रा खाली पडला.

ही एकट्याची गोष्ट नाही. २०१६ साली टोयोटाने अमेरिकेतल्या एका खटल्यात तडजोड केली. टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांच्या चासी तपासायच्या आणि गंजून भोकं पडली असतील तर बदलून द्यायच्या, असं ठरलं. खर्चाचा अंदाज ३.४ अब्ज डॉलरपर्यंत होता.

तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, शिवाय मॅग्नेशियम क्लोराइडही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांच्या वर गेली की हे मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. वरून कोरड्या दिसणाऱ्या चासीवर खारट ओल टिकून राहते. कडाक्याच्या थंडीत अगदी मंदावलेली गंजण्याची क्रिया उबेत रात्रभर चालू राहते. शेजाऱ्याला अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अर्धं मला फार आवडतं. पॉलिश पेपरने घासलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. लोखंड कुठे झिजेल? आपण म्हणू कडेला, कारण तिथे हवा भरपूर. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी दाखवलं की झीज होते थेंबाच्या मधोमध! कडेला ऑक्सिजन सहज मिळतो, तो इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन बनतात. हे इलेक्ट्रॉन पुरवतं ऑक्सिजनला मुकलेलं मधलं लोखंड, आणि स्वतः Fe²⁺ (लोखंडाचा आयन) होऊन विरघळतं. दोन्ही आयन वाटेत भेटतात तिथे तांबूस कडं उमटतं. म्हणजे गंज दिसतो एकीकडे, खड्डा पडतो दुसरीकडे. क्लोराइड आयन त्या खड्ड्याकडे ओढले जातात, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं आणि झीज आणखी वाढते.

चासीच्या पोकळ पेटीत साचलेला चिखल म्हणजे या थेंबाचा मधला भाग. चिखलाखाली ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून पत्रा तिथेच पातळ होतो.

बॅटरीला जोडायच्या 'इलेक्ट्रॉनिक गंजरोधक' डबीवर पैसे घालवू नका. विद्युतप्रवाहाने जहाजाचं रक्षण होतं, कारण त्याच्याभोवती सलग समुद्र असतो आणि सर्किट पूर्ण होतं. रस्त्यावरच्या गाडीभोवती हवा असते. त्यापेक्षा हिवाळाभर खालून पाणी मारून गाडी धुणं आणि पेटीची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवणं खरंच उपयोगी पडतं.

चासी बदलताना बॉडी, इंजिन, ब्रेकच्या नळ्या, सगळंच उतरवावं लागतं. गंजाने धरलेले बोल्ट सैल होईनात, तेव्हा मेकॅनिकने गॅस कटरने कापले. जून महिना होता, पाऊस आठवडाभर नव्हता. जुनी चासी अंगणात उभी केली तेव्हा पोकळीतून घमेलंभर चिखल खाली आला. मी हात लावून पाहिला, तो ओला होता.