पार्श्वभूमी : आफ्रिकेतल्या हापशीचं मूळ जालना-सोलापुरात

युगांडा, घाना, सुदानच्या खेड्यांत जी लोखंडी हापशी दिसते, तिच्या घडणीत जालना-सोलापूरचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

१९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळानंतर युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी खोदयंत्रं भारतात आणली. कातळात विहीर फोडायला महिने लागत, तिथे एक-दोन दिवसांत बोअर पडू लागली. पाणी लागलं, पण ते वर काढताना घोडं अडलं. बोअरवर बसवलेले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंप परदेशी घरगुती पंपांची नक्कल होते. एका कुटुंबाला पुरेल एवढंच त्यांचं बळ. इथे मात्र पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हंडे-कळशांची रांग. पिना झिजायच्या, दांडा लटपटायचा, एक दिवस बीडच तडकायचं. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद होते.

याला उत्तर आधीच मराठवाड्यात आणि सोलापुरात तयार झालं होतं. तिथल्या मिशनरी कार्यशाळांनी बिडाऐवजी पोलादाचा पंप बनवला. दांडा फिरायला एकच मजबूत आस, त्याच्या टोकाशी कमान आणि कमानीवरून साखळी. दांडा दाबला की साखळी बोअरमधल्या दट्ट्याची सळई सरळ वर ओढते, बाजूला रेटत नाही, म्हणून झीज कमी. याच सोलापूर पंपावरून युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने ‘इंडिया मार्क टू’ घडवला. कोइमतूर भागात कसून चाचण्या झाल्या आणि १९७७-७८ पासून तो मोठ्या प्रमाणावर निघू लागला.

सगळ्यात मोलाचा निर्णय म्हणजे त्याचं पेटंट कोणी घेतलं नाही. कुठल्याही देशाने आराखडा घ्यावा आणि पंप बनवावा. म्हणूनच तो इतका दूर पोचला.

त्यात उणिवा होत्याच. खालचा वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप उपसावे लागत, त्यासाठी तालुक्याहून माणसं यायची वाट पाहायची. मग ऐंशीच्या दशकात ‘मार्क थ्री’ आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो, पण त्यासाठी पाइप जास्त रुंद आणि महाग घ्यावा लागतो. पश्चिम आफ्रिकेत वेगळंच दुखणं निघालं. तिथल्या आम्लधर्मी पाण्याने जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजले, पाणी तांबडं येऊ लागलं आणि बायका पुन्हा जुन्या पाणवठ्याकडे वळल्या. अशा ठिकाणी आता स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे पाइप घालतात.