चढ-बिंदू रूप आणि चढ-अंतःखंड रूप: १४ कुठे लिहायचे?

दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ काढायला शिकलेला विद्यार्थी पुढे रेषेचे समीकरण मांडू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन रूपे जवळजवळ एकत्रच येतात. चढ-अंतःखंड रूप य = मक्ष + क असे, तर (अ, ब) हा बिंदू दिलेला असताना चढ-बिंदू रूप य − ब = म(क्ष − अ) असे लिहितात. क हा अंतःखंड, म्हणजे क्ष शून्य असतानाचा य. दोन्हींत चढ म हाच असतो, म्हणजे क्ष एकाने वाढला की य किती बदलतो ते. त्याच्या जोडीला कोणती माहिती हाती आहे, हे न पाहिल्यामुळे घोटाळा होतो.

परभणीकडच्या काळ्या रानातील एक विहीर घेऊ. तिचा घेर वरपासून तळापर्यंत सारखा आहे आणि ऐन उन्हाळ्यात तिचे झरे आटले आहेत, असे धरू. मोटार चालू असताना पाणी तासाला २ फूट उतरते. मोटार सुरू होऊन ३ तास झाल्यावर शेतकऱ्याने दोर सोडून पाहिले, तेव्हा १४ फूट पाणी भरले. क्ष म्हणजे तास आणि य म्हणजे फुटांतील पाणी मानल्यास चढ −२ येतो. ‘चढ’ हा शब्द ऐकून अनेक मुले येथे ऋण चिन्ह लिहायला कचरतात. परंतु क्ष वाढताना य घटत असेल, तर चढ ऋणच असतो.

आता नेहमीची चूक पाहा. हाती आलेले १४ थेट क च्या जागी ठेवून य = −२क्ष + १४ असे लिहिले जाते. क्ष = ३ घातल्यास य = ८ मिळते, दोर मात्र १४ सांगतो. क म्हणजे क्ष शून्य असतानाचे, अर्थात मोटार सुरू केली त्या क्षणाचे पाणी, आणि ते तर कोणी मोजलेलेच नाही.

म्हणून येथे चढ-बिंदू रूप हवे: य − १४ = −२(क्ष − ३). कंस सोडवल्यावर य = −२क्ष + २० मिळते; तीन तासांत उतरलेले ६ फूट परत मिळवले की २० होतात, हे तोंडीही पडताळता येते. हे रूप पाठ करण्याची मला तरी गरज वाटत नाही. रेषेवरील कोणत्याही दुसऱ्या बिंदूसाठी (य − १४) ÷ (क्ष − ३) = −२ ही चढाचीच व्याख्या आहे. भागाकाराच्या रूपात (३, १४) हा बिंदू स्वतः बसत नाही, कारण तेथे भाजक शून्य होतो. गुणाकाराच्या रूपात तोही सामावतो.

आणखी दोन तासांनंतरचा (५, १०) हा बिंदू घेतला, तर य − १० = −२(क्ष − ५) असे वेगळे दिसणारे समीकरण येते, पण सोडवल्यावर तेच य = −२क्ष + २० हाती लागते. चढ-बिंदू रूप निवडलेल्या बिंदूप्रमाणे बदलते, चढ-अंतःखंड रूप प्रत्येक रेषेला एकच असते. आणि बिंदू (०, क) घेतला की पहिल्यातूनच दुसरे निघते. उभ्या रेषेला चढच नसल्याने तिला यांपैकी एकही लागू नाही; ती क्ष = ३ अशी लिहितात.

विहिरीच्या समीकरणात य = ० ठेवल्यास क्ष = १० येतो. म्हणजे ही रेषा ० ते १० तासांपुरतीच खरी आहे, आणि मोटार त्याआधीच बंद करावी लागेल.