वन्यजीव आणि खेळांच्या फोटोंसाठी कॅमेरा बदलताय? आधी हे वाचा

आमच्या दुकानात नवा कॅमेरा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच विनंती करतो: बिघडलेल्या फोटोंचं कार्ड सोबत आणा. चांगले फोटो घरीच राहू द्या. पैसे बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) घालायचे की लेन्समध्ये, हे बिघडलेल्या फोटोंतच दिसतं.

ताडोबातली वाघीण चौकटीत अंगठ्याएवढी आली असेल, तर बॉडी बदलून काही होणार नाही. तिथे लेन्सच कमी पडते. ५५-२५० मिमीच्या लेन्सऐवजी १५०-६०० मिमीची लावली की तीच वाघीण जवळजवळ अडीचपट मोठी दिसते आणि तुमची आहे ती बॉडी चालते.

पक्ष्याचा डोळा स्पष्ट, पण पंखांची टोकं पुसट असतील तर दोष शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याचा. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या खाली जाऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.

मागचं गवत पातं न् पातं स्पष्ट आणि वाघाचं तोंड मात्र मऊ, असे फोटो वारंवार येत असतील, तर फोकस चुकतोय. बॉडी बदलायचं खरं कारण हे. कॅनन १५००डीमध्ये फोकसचे पॉइंट ९ आणि वेग सेकंदाला ३ फोटो. कॅननचा आर७ (२०२२) किंवा सोनीचा ६७०० (२०२३) प्राण्या-पक्ष्यांचा डोळा स्वतः ओळखतो आणि तो हलला तरी धरून ठेवतो. आर७ मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो काढतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर ३० निघतात, पण फटका मारताना बॅट वाकडी दिसू शकते. क्रिकेट काढणाऱ्यांनी मेकॅनिकलच वापरावं. आणि कार्ड जुनंच ठेवू नका. बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरला की संथ कार्डामुळे कॅमेरा अडून बसतो, नेमका झेल घेण्याच्या क्षणी.

कबड्डीचं गणित वेगळं. हॉलमधला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो पुरत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त. १/१००० वर एफ ६.३ च्या लेन्सला आयएसओ १२८०० लागत असेल, तर एफ २.८ ला साधारण २५०० पुरतो. म्हणून जंगलातली एफ ६.३ ची लांब लेन्स इथे कामाची नाही. ७०-२०० एफ २.८ परवडत नसेल तर ८५ एफ १.८ घ्या आणि मॅटच्या जवळ बसा. एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर मेनूतलं अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्यावरचा उपाय) चालू करा.

बजेट बेताचं असेल तर आम्ही अजूनही सेकंडहँड निकॉन डी५०० सुचवतो. २०१६ चा आहे, पण १५३ फोकस पॉइंट आणि सेकंदाला १० फोटो ही ताकद आजही खरी आहे. डोळा तो ओळखत नाही, पॉइंट आपणच धरून ठेवावा लागतो. शटर २ लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं, तेव्हा किती चाललंय ते पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

जुन्या लेन्स वापरायच्या असतील तर आधी विचारा. कॅननच्या ईएफ (जुन्या डीएसएलआरच्या) लेन्स ॲडॅप्टर लावून आर७ वर छान चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स मात्र झेड बॉडीवर (निकॉनच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर) एफटीझेड ॲडॅप्टरने बसल्या तरी फोकस हातानेच करावा लागतो.

१५०-६०० चं वजन दोन किलोच्या आसपास असतं. दुकानात ती दहा मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा, मगच ठरवा. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते, त्यामुळे बीन बॅग घ्याच. ती रिकामी न्या आणि मुक्कामी तांदूळ भरा.

सफारीच्या आदल्या दिवशी कॅमेरा घेऊ नका. निदान महिनाभर आधी घ्या आणि गच्चीवरून घारींवर हात बसवा. जुना कॅमेरा बदल्यात देणार असाल तर चार्जर, बिल आणि लेन्सची झाकणं सोबत आणा. लेन्समध्ये बुरशी आहे का ते तुमच्यासमोरच टॉर्च लावून पाहू आणि मगच किंमत सांगू.