कोरडं ते कोरडंच राहू द्या

आमच्या सोलापूरकर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

तुमच्या घरची रद्दी, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या आम्ही काट्यावर मोजून नेतो. या मालाचं पुढे काय होतं आणि त्यातून नेमकं काय वाचतं, असं बरेचजण दारात विचारतात. म्हणून हा कागद.

आधी एक अनुभव. गेल्या पावसाळ्यात एका पोत्यात पेपरच्या गठ्ठ्यावर आमटीचा डबा लवंडलेला निघाला. वरचे चार पेपर काढले की भागेल, असं वाटलं होतं. पण दोन दिवसांत तेल खालपर्यंत झिरपलं, बुरशी आली आणि कागद गिरणीने अख्खा गठ्ठा परत पाठवला. रद्दीचा लगदा पाण्यात होतो. तेल पाण्यात मिसळत नाही, ते लगद्याला धरून बसतं आणि नव्या कागदावर डाग उमटतात. चांगली रद्दी शेवटी घंटागाडीत टाकावी लागली. फार जिवाला लागलं.

कारण रद्दीबरोबर पाणी वाया जातं. सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे कुणाला सांगायला नको. लाकडापासून कागद करायला रद्दीपेक्षा कितीतरी जास्त पाणी आणि ऊर्जा लागते. कागदाचे तंतू दर खेपेला आखूड होतात, तरी 5 ते 7 वेळा त्यांचा पुन्हा कागद होतो. अॅल्युमिनियमचा हिशेब तर थक्क करणारा आहे. बॉक्साइट खणून धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण 5 टक्क्यांत जुनं पातेलं वितळून तोच धातू मिळतो. वीज वाचली की कोळसा वाचतो. आपल्या फताटेवाडीच्या 1320 मेगावॉटच्या वीज केंद्रातही कोळसाच जळतो, आणि त्यालाही पाणी उजनी धरणाचंच लागतं.

दुधाच्या पिशवीबद्दल एक विनंती. कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. सुटा तुकडा नखाएवढा, तो कुणाच्याच हाती लागत नाही. थेट गटारात जातो. पिशवी भांड्यांच्या उरल्या पाण्यात खळबळून घ्या, त्यासाठी नळाचं ताजं पाणी नको. दोरीवर अडकवली की आपल्या उन्हात घटकाभरात वाळते. अशा वाळलेल्या पिशव्यांचा प्लॅस्टिक दाणा होतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र आम्ही घेत नाही. त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं आमच्या आवाक्यातलं नाही. ती शक्यतो घरी आणूच नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ओला कचरा आम्ही नेत नाही, पण तो वेगळा ठेवला तरच आमचा माल चांगला राहतो. पिशवीत गच्च बांधलेलं शिळं अन्न कचरा डेपोच्या ढिगाखाली हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तेच भाजीचे देठ कुंडीत मातीआड केले, तर खत होतं. ओला, सुका आणि घरगुती घातक (सेल, बल्ब, जुनी औषधं) असं तीन ठिकाणी ठेवणं घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी बंधनकारकही केलं होतं.

आता चादरींचं. चादरींच्या या गावात जुनी चादर कचऱ्यात दिसली की वाईट वाटतं. एक किलो कापूस पिकायला जगभरच्या सरासरीने हजारो लिटर पाणी लागतं. विरलेल्या सुती चादरीचे तुकडे गॅरेजवाले हात आणि यंत्रं पुसायला घेतात, उरलेल्या चिंध्या पिंजून गाद्यांत भरतात. घट बसायच्या आधी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढाल, तेव्हा फाटक्या चादरी धुऊन, वाळवून वेगळ्या गाठोड्यात बांधून ठेवा. त्या आठवड्यात आमची गाडी फक्त कापडासाठी वेगळी फेरी करते.